टेकडी चढूनही कोलेस्टेरॉल तेवढंच?

तळजाई असो, हनुमान टेकडी असो की पर्वतीच्या पायऱ्या, पुण्यातल्या चालणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. महिनोन्‌महिने नेमानं चालायचं, मग लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी करायची, तर आकडा जिथल्या तिथे! दोष कधी उतरताना खाल्लेल्या मिसळीला, कधी लॅबला. खरं तर नुसत्या चालण्यानं एकूण कोलेस्टेरॉल फारसं उतरतच नाही. फायदा होतो तो धमनीत. पण जिवंत माणसाची धमनी कापून कशी बघणार? म्हणून प्राण्यांकडे वळावं लागतं.

१९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं कोलेस्टेरॉल चारलं आणि त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर साचले. उंदीर मात्र असे सहजी बधत नाहीत, कारण त्यांचं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच, म्हणजे धमन्यांतून कोलेस्टेरॉल काढून नेणाऱ्या 'चांगल्या' कणांमध्येच असतं. १९९२ मध्ये रक्तातलं कोलेस्टेरॉल हटवायला मदत करणारं एपीओई हे जनुक बंद पाडलेले उंदीर तयार झाले, तेव्हा कुठे त्यांच्यावरचं काम सोपं झालं.

मला यातला सर्वांत बोलका वाटतो तो १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला बोस्टनमधला माकडांवरचा प्रयोग. दोन गटांना चरबीयुक्त आहार. काही माकडं बसून, काहींना आठवड्यातून तीनदा तासभर ट्रेडमिल. दोन्ही गटांचं कोलेस्टेरॉल डेसिलिटरमागे ६०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी कपाळाला हात लावावा असं! पण हृदयाच्या धमन्या अरुंद झाल्याच्या खुणा आणि अचानक मृत्यू दिसले ते फक्त बसून राहिलेल्यांत. चालणाऱ्यांचं एचडीएल जास्त होतं, थर बरेच कमी होते, हृदय मोठं आणि धमन्या रुंद होत्या. या रुंदीला मी फार महत्त्व देतो. नळीची त्रिज्या दुप्पट झाली, तर तेवढ्याच दाबाला प्रवाह सोळापट होतो. त्यामुळे थोडा थर बसला तरी रुंद धमनीचं फारसं अडत नाही.

व्यायाम करताना हृदय मिनिटाला पाच लिटरऐवजी पंधरा-वीस लिटर रक्त ढकलतं. वाहत्या रक्ताचं घर्षण धमनीच्या आतल्या अस्तराला जाणवतं आणि ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं. हा वायू जेमतेम काही सेकंद टिकतो, पण तेवढ्यात धमनीचे स्नायू सैल करतो आणि पेशींना भिंतीला चिकटू देत नाही. वाढलेलं कोलेस्टेरॉल नेमकं याच अस्तराला निकामी करतं. व्यायामानं ते पुन्हा कामाला लागतं, आकडा तोच राहिला तरी.

पण टेकडी चढतो या भरवशावर कोणी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली, तर त्याला या माकडांचा दाखला देता येणार नाही. चालणाऱ्या माकडांच्या धमन्यांतही थर साचलेच होते, फक्त कमी.