क्लस्टर मॉडेल रॉकेट

क्लस्टर मॉडेल रॉकेट : एकाच टप्प्यात दोन, तीन किंवा जास्त मोटरी (दारू भरलेल्या, जळताना रॉकेटाला ढकलणाऱ्या नळ्या) शेजारीशेजारी बसवून त्या एकदम पेटवायच्या, असे छंदाचे रॉकेट. टप्प्याटप्प्याच्या रॉकेटात मोटरी पाळीपाळीने पेटतात. क्लस्टरमध्ये मात्र सगळ्यांनी एकाच क्षणी पेटावे लागते. या रॉकेटाची सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी या एका अटीत आहे.

मोठ्या रॉकेटांत हा प्रकार रोजचाच. इस्रोच्या एलव्हीएम३चा एल११० टप्पा दोन विकास इंजिनांवर चालतो, सॅटर्न ५च्या पहिल्या टप्प्यात पाच एफ-१ इंजिने होती. सोव्हिएत एन१च्या पहिल्या टप्प्यात तर तीस होती, आणि १९६९ ते १९७२ या काळातली त्याची चारही उड्डाणे फसली. छंदाच्या रॉकेटाला कारखान्यात तयार झालेली मोटर १९५०च्या दशकात अमेरिकेत मिळू लागली. क्लस्टर शक्य झाले ते त्यामुळेच, कारण एका साच्यातल्या मोटरी जवळपास सारख्या जळतात. दिवाळीतल्या बाणांचे तसे नाही. एकाच खोक्यातले दोन बाण कधी सारखे जात नाहीत, हे कोणत्याही गच्चीवर पाहून घ्यावे. बाणातली दारू काढून मोटर बनवण्याचा विचार मनातही आणू नये. तो गुन्हा आहे, आणि बोटे जातात.

मोटरीवरची अक्षरे : ‘सी६-५’ या खुणेत ‘सी’ म्हणजे एकूण आवेग (रेटा गुणिले वेळ) ५ ते १० न्यूटन-सेकंद, ‘६’ म्हणजे सरासरी रेटा ६ न्यूटन, आणि ‘५’ म्हणजे इंधन संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकणारी दारू उडेपर्यंतचे सेकंद. अक्षर एक घर पुढे गेले की आवेगाची मर्यादा दुप्पट होते. म्हणजे तीन ‘सी’ मोटरींचे क्लस्टर थेट ‘ई’ वर्गात जाते, आणि अंतराचे सगळे नियम मग ‘ई’चे लागतात. नवख्याच्या हे हमखास ध्यानात येत नाही. शेवटचा आकडा शून्य असलेली मोटर खालच्या टप्प्यासाठी असते. ती जळून संपताच वरच्या बाजूने फुटते. एकटप्पी क्लस्टरमध्ये ती चुकून बसली तर रॉकेट भर वेगात असतानाच पॅराशूट बाहेर पडते आणि फाटते.

नळ्यांचे गणित : सी६ मोटर १८ मिमी व्यासाची आणि ७० मिमी लांबीची असते, ती ज्या कागदी नळीत बसते तिचा बाहेरचा व्यास १८.७ मिमी. अशा तीन नळ्या एकमेकींना चिकटवल्या की त्यांच्याभोवतीच्या वर्तुळाचा व्यास नळीच्या २.१५ पट, म्हणजे ४०.३ मिमी भरतो. ४१.६ मिमी बाहेरच्या आणि ४०.५ मिमी आतल्या व्यासाची बॉडी ट्यूब, म्हणजे रॉकेटाची मुख्य नळी, त्यावर नेमकी बसते. तीन मोटरींच्या किटमध्ये हाच आकार नेहमी दिसतो तो यासाठी. चार नळ्यांना ४५.१ मिमी लागतात. सातांना तिप्पट, म्हणजे ५६ मिमीच्या थोडे वर. पहिल्या क्लस्टरला तीन मोटरी पुरेत. सात मोटरींचे किट घेऊन बसणारे बहुतेक जण ते रंगवून कपाटावर ठेवतात.

जुळणी : उदाहरणासाठी ६० सेमी लांबीचे, तीन मोटरींचे, बाल्सा या हलक्या लाकडाच्या फिनांचे (शेपटाच्या पंखांचे) किट घेऊ. आधी सगळे भाग गोंदाशिवाय बसवून पाहावेत. मोटरीच्या प्रत्येक नळीत मागच्या टोकापासून ६४ मिमीवर थ्रस्ट रिंग (मोटर पुढे सरकू न देणारे कडे) चिकटवायची, म्हणजे मोटर ६ मिमी बाहेर राहते आणि काढताना चिमटीत येते. रिंग ढकलताना हात थांबला की फेविकॉल तिथेच धरतो आणि रिंग अर्ध्या वाटेत अडकते. म्हणून ढकलायच्या काडीवर ६४ मिमीची खूण आधी करून ठेवावी आणि एका दमात ढकलावे.

मग सपाट काचेवर दोन नळ्या शेजारी ठेवून चिकटवायच्या, आणि त्या सुकल्या की तिसरी वरच्या खाचेत. तिन्हींची मागची टोके एका पातळीत हवीत. नळी तिरकी बसली तर रेटाही तिरका लागतो, आणि हा दोष नंतर कशानेच निघत नाही.

पुढची पायरी पुस्तिकेत एका ओळीत असते, आणि पॅराशूट न उघडण्याचे मूळ बहुधा तिथेच सापडते. तीन नळ्यांच्या मध्ये साधारण ३ मिमीचे भोक राहते, आणि नळ्या व बॉडी ट्यूब यांच्यामध्ये तीन त्रिकोणी फटी. फेकदारूचा वायू नाकाकडे जायच्याऐवजी या फटींतून मागे निसटतो. टिश्यू पेपर फेविकॉलमध्ये भिजवून त्याचे बोळे काडीने या जागांत ठासायचे, रात्रभर सुकू द्यायचे, आणि मग बॉडी ट्यूबला तोंड लावून फुंकून पाहायचे. मोटरीच्या नळ्यांची तोंडे बोटांनी दाबली असताना मागून वारा आला, तर अजून एक बोळा लागणार.

बाल्साच्या फिनांचे रेषे पुढच्या कडेला समांतर हवेत, नाहीतर जमिनीवर टेकताना फिन रेषेवर मोडते. फिन चिकटवायच्या जागी आधी फेविकॉलचा हलका हात देऊन तो चिकट होऊ द्यावा, मग पुन्हा लावून फिन दाबावी. जोड असा दुहेरी धरतो. सांध्यावर बोटाने ओढलेला गोंदाचा उतार एका थरात जाड भरू नये, सुकताना त्यात बुडबुडे आणि खळगे पडतात. लाँच लग, म्हणजे उड्डाणाच्या उभ्या दांड्यावर सरकणारी बाजूची छोटी नळी, ६ मिमीच्या दांड्याला बसेल असा घ्यावा. एका मोटरीच्या रॉकेटाला चालणारा ३ मिमीचा दांडा इथे वेतासारखा वाकतो. दांड्याची लांबी किमान १२० सेमी हवी.

वजन आणि तोल : क्लस्टरचा तोल शेपटाकडून बिघडतो. वरचे रॉकेट मोटरीशिवाय १५० ग्रॅम असेल आणि त्याचा गुरुत्वमध्य नाकापासून ३३ सेमीवर असेल, तर प्रत्येकी सुमारे २४ ग्रॅमच्या तीन मोटरी बसवताच तो जवळजवळ ४१ सेमीवर सरकतो. ही सरक ट्यूबच्या दोन व्यासांच्या जवळ जाते. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या (हवेचा रेटा जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे किमान एक व्यास असावा, हा नियम तिथेच मोडतो. नाकात २० ग्रॅमचे शिशाचे छर्रे अराल्डाइटमध्ये बसवले की गुरुत्वमध्य ३८ सेमीच्या आसपास परत येतो. तो मोजताना मोटरी आत हव्यात. रिकाम्या रॉकेटाचा तोल पाहून समाधान मानणे ही इथली सर्रास चूक.

आता एकूण वजन २४२ ग्रॅम. तीन सी६चा सरासरी रेटा १८ न्यूटन, म्हणजे वजनाच्या साडेसात पट. एक मोटर पेटली नाही तरी १२ न्यूटन उरतात, पाचपटीच्या किंचित वर, आणि पाचपट ही खालची मर्यादा धरतात. रॉकेट जड करण्याआधी हा हिशोब करावा. तिन्हींवर नव्हे, दोन मोटरींवर ते दांडा नीट सोडेल का, हे पाहायचे. शिवाय दोनच पेटल्या तर रेट्याचा मध्य अक्षापासून सुमारे ५.४ मिमी बाजूला जातो आणि रॉकेट न पेटलेल्या मोटरीच्या बाजूला कलते. काही दोन मोटरींच्या किटमध्ये मोटरी मुद्दाम तिरप्या बसवलेल्या असतात, रेट्याची रेषा गुरुत्वमध्यातून जावी म्हणून. मग एकच पेटली तरी रॉकेट फारसे वळत नाही.

एकदम पेटवणे : प्रत्येक मोटरीत एक इग्नायटर असतो. इग्नायटर म्हणजे टोकाला बारीक तार असलेले दोन पाय, रोध साधारण अर्धा ते एक ओहम. ते नेहमी समांतर जोडायचे. एकसर जोडले तर सर्वांत आधी तापलेला जळून तुटतो, मंडळ तिथेच संपते, आणि बाकीचे थंडच राहतात. प्रत्येकाचा एक पाय एका तारेला, दुसरा दुसऱ्या तारेला. या दोन तारांना तीन-तीन छोट्या क्रोकोडाइल क्लिप डाग देऊन लावल्या की कायमची जोडणी तयार होते. क्लिपांचे दात प्रत्येक वेळी पॉलिश पेपरने घासावेत, मागच्या उड्डाणाची काजळी रोध वाढवते.

सगळा खेळ विद्युतप्रवाहाचा. प्रत्येक इग्नायटरला दोन ॲम्पिअरच्या वर मिळायला हवेत. बॅटरी १२ व्होल्टची आणि तार १० मीटर लांब, म्हणजे जाऊनयेऊन २० मीटर, असे धरू. ०.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेचा रोध ०.७ ओहम होतो, तीन समांतर इग्नायटरांचा मिळून पाव ओहमच्या आत. एकूण प्रवाह १३ ॲम्पिअरजवळ जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला चारहून जास्त येतात. त्याच जागी ०.२ चौरस मिमीची बारीक तार वापरली तर प्रत्येकाला जेमतेम दोन मिळतात. मग एक पेटतो, एक उशिरा पेटतो, एक पेटतच नाही. दोष मोटरीला दिला जातो आणि असतो तारेत. लहान चौकोनी ९ व्होल्टचा सेल इथे उपयोगाचा नाही, त्याचा आतला रोधच फार. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी उत्तम. बॅटरी दांड्याजवळ ठेवून रिलेने (लहान प्रवाहावर चालणाऱ्या स्विचने) सोडली तर लांब तारेचा प्रश्नच उरत नाही. रिले, किल्लीचा स्विच आणि क्लिपा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतात.

इग्नायटरचे टोक नोझलच्या (मोटरीच्या मागच्या भोकाच्या) आत थेट इंधनाला टेकलेले हवे. एका मिलिमीटरची फट राहिली तरी ती मोटर मागे पडते. इग्नायटर धरून ठेवणारा प्लग बसवल्यावर इग्नायटर हलकेच ओढून पाहावा, सरकला तर पुन्हा बसवावा. मोटरी एकाच तारखेच्या गठ्ठ्यातल्या घ्याव्यात. प्रत्येक मोटर मागून हुकने किंवा चिकटपट्टीच्या वेढ्यांनी घट्ट धरलेली असावी, कारण फेकदारू उडताना एक जरी मोटर मागे निसटली तरी सगळा दाब त्या भोकातून जातो.

बटण दाबूनही काही झाले नाही तर किल्ली काढायची, बॅटरी तोडायची आणि पूर्ण एक मिनिट कोणी जवळ जायचे नाही. क्लस्टरमध्ये ही शिस्त जास्तच पाळावी.

ठाणे-नवी मुंबईतली अडचण : इथे हे रॉकेट बांधता येते, उडवता जवळपास येत नाही. छंदाच्या प्रचलित सुरक्षा नियमांप्रमाणे ‘ई’ वर्गाच्या आवेगाला सर्वांत आखूड बाजू सुमारे ३०० मीटर असलेले मोकळे मैदान लागते. क्रिकेटची चार मैदाने दोन-दोनच्या ओळींत ठेवली तरी ते काठावरच भरते. माणसांनी ९ मीटर लांब उभे राहायचे, वारा ताशी ३२ किमीच्या आत हवा. वरचे रॉकेट ३०० मीटरच्या आसपास जाते आणि ४५ सेमीच्या पॅराशूटवर सेकंदाला साधारण ५ मीटरने उतरते, म्हणजे मिनिटभर हवेत असते. दुपारी खाडीवरून ताशी १८ किमीचा वारा सुटला की ते ३०० मीटर वाहत जाते. नवी मुंबईत तेवढ्यात पाम बीच रोड, खारफुटी किंवा कोणाच्या तरी सातव्या मजल्यावरची गॅलरी लागते. येऊरला जंगल आहे, ठाणे खाडी अभयारण्य आहे, ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने. खाडीपलीकडे तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्र. आणि डिसेंबर २०२५पासून मुंबईच्या जोडीला नवी मुंबईच्या विमानतळावरूनही प्रवासी विमाने उडतात.

मोटरींचेही तसेच. काळ्या दारूची मोटर भारतात १८८४चा स्फोटक कायदा आणि २००८चे स्फोटक नियम यांच्या कक्षेत येते. परवाने देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. प्रवासी विमानाच्या सामानातून मोटर आणता येत नाही, ना हातातल्या, ना खाली ठेवायच्या. म्हणून किट मोटरीशिवाय घेतले जाते, आणि उड्डाण परवाना असलेल्या संस्थेच्या देखरेखीखाली, परवानगी मिळालेल्या जागीच करावे लागते.

हवा आणि साठवण : जून ते सप्टेंबर इथली हवा पाण्याने भरलेली असते. कागदी नळ्या फुगतात. मेमध्ये सैल बसणारी मोटर जुलैत अडकते, तिला ठोकून बसवू नये. फेविकॉल सुकायला दुप्पट वेळ धरावा. पावसाळी दिवशी स्प्रे रंग मारला तर त्यावर पांढुरकी साय येते, कारण उडणाऱ्या द्रावणाने गार झालेल्या पृष्ठभागावर बाष्प बसते. रंगकाम ऑक्टोबरनंतर, कोरड्या सकाळी करावे. काळ्या दारूच्या मोटरींना ऊन-गारव्याचे फेरे सोसत नाहीत. इंधनाची कांडी कवचापासून सुटते किंवा तडकते, आणि पेटताच मोटर फुटते. क्लस्टरमध्ये एक फुटली की शेजारच्या दोन्ही नळ्याही जातात. पत्र्याखालचा माळा आणि उन्हातली गाडी या दोन्ही जागा त्यासाठी वाईट. पॅराशूट घडी करून महिनोन्महिने आत ठेवू नये, प्लास्टिकचे पदर एकमेकांना चिकटतात. उड्डाणाच्या दिवशी त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवावी, खाली न जळणाऱ्या कागदाचे चार-पाच बोळे घालावेत आणि मगच नाक बसवावे. नाक उचलले तर रॉकेट लटकून राहावे आणि हलका हिसका देताच सुटावे, इतपतच ते घट्ट हवे.