भारत–ब्रह्मदेश आगमन करार (१९४१)

ब्रह्मदेशात (आजचे म्यानमार) येणाऱ्या भारतीयांवर परवाने आणि शुल्क बसवणारा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला करार. भारत सरकारच्या वतीने गिरिजाशंकर बाजपेयी यांनी वाटाघाटी केल्या. जून १९४१ अखेर रंगूनला सह्या झाल्या आणि जुलैमध्ये तो प्रसिद्ध झाला.

१ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा होईपर्यंत रंगूनला जाणे म्हणजे परदेशी जाणे नव्हते. मद्रास किंवा विशाखापट्टणमला आगबोटीच्या डेकचे (उघड्या तक्तपोशीवरचे, सर्वांत स्वस्त) तिकीट काढले की झाले. १९३१च्या जनगणनेत तिथे दहा लाखांवर भारतीय होते. रंगूनची तर निम्म्याहून जास्त वस्ती त्यांची. गोदीतली हमाली, भातगिरण्या, शहराची सफाई ही कामे त्यांच्याच हातात होती. १९३०च्या जागतिक मंदीत कर्जे थकली आणि दक्षिण ब्रह्मदेशातल्या भातजमिनीचा सुमारे चौथा हिस्सा चेट्टियार या तमिळ सावकारांकडे गेला. बर्मी शेतकऱ्याचा संताप खरा होता. १९३८मध्ये भारतीयांविरुद्ध दंगली उसळल्या. त्यानंतर ब्रह्मदेश सरकारचे अर्थसल्लागार जेम्स बॅक्स्टर यांनी भारतीयांच्या आगमनाची चौकशी केली. भारतीय मजुराने बर्मी मजुराचे काम हिरावल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. तरीही आगमनावर नियंत्रण आले.

करारात दोन प्रकारचे परवाने होते. ‘अ’ परवान्यावर कायम राहता येई, त्याचे शुल्क ५०० रुपये. ‘ब’ परवाना ठरावीक मुदतीचा, शुल्क १२ रुपये. ५०० रुपये हमालाने जन्मात एकरकमी पाहिले नसतील, म्हणजे कायमचा दरवाजा पैसेवाल्यालाच उघडा राहिला. आधीपासून राहणाऱ्यांनाही वास्तव्याची वर्षे सिद्ध करावी लागणार होती, आणि वर्षाहून जास्त काळ गावी राहिल्यास हक्क जाणार होता. बर्मी स्त्रीशी विवाह केल्यास परवाना रद्द करण्याची तरतूद सर्वांत झोंबली. ज्यांच्याविषयी हा करार होता त्यांना कुणी विचारलेच नव्हते. महात्मा गांधींनी कडाडून विरोध केला.

करार पुरता अमलात येण्याआधीच २३ डिसेंबर १९४१ रोजी रंगूनवर जपानी बाँब पडले. मजूर पळू लागले तशी गोदी ओस पडली, शहरात घाण साचली. ज्यांना येऊ द्यायचे नव्हते, त्यांनाच आता जाऊ देईनात: धडधाकट भारतीय पुरुषांना डेकचे तिकीट देण्यास मनाई झाली. मग लोक डोक्यावर बोचकी घेऊन पायी निघाले, कुणी पश्चिम किनाऱ्यावरच्या आराकानकडे, कुणी सीमेवरच्या तामूमार्गे इंफाळला. चार लाखांवर माणसे भारतात पोहोचली. वाटेत पटकीने आणि उपासमारीने हजारो गेली. या निर्वासितांची जबाबदारी परदेशस्थ भारतीयांच्या खात्यावर आली. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात हे खाते वणीचे लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे होते.

युद्धानंतर, १९४७मध्ये, ब्रह्मदेशाने आगमन नियंत्रणाचा स्वतःचा कायदा केला.