पोपुलोनियाची चांदीची नाणी : पार्श्वभूमी

रोमच्या वर्चस्वाआधी मध्य इटलीत नांदलेल्या इट्रुस्कन लोकांना धातूची वाण कधीच नव्हती. आजच्या टस्कनीतल्या डोंगरांत तांबं, शिसं आणि चांदी, तर समोरच्या एल्बा बेटावर लोखंड. तरीही नाणी पाडायला ते उशिरा लागले. दक्षिण इटलीतल्या ग्रीक वसाहती इ.स.पू. 6 व्या शतकातच चांदीची सुबक नाणी पाडत होत्या. इट्रुस्कनांचे व्यवहार मात्र ब्राँझचे ओबडधोबड तुकडे तराजूत तोलून चालत. तेवढ्यानं काम भागत होतं, म्हणून त्यांना घाई नसावी असं मला वाटतं.

इ.स.पू. 5 व्या शतकात त्यांची चांदीची नाणी दिसू लागतात. त्यात सर्वांत भरीव परंपरा पोपुलोनियाची. जुन्या इट्रुस्कन शहरांपैकी थेट समुद्रकाठी वसलेलं हे एकच, असं ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो. एल्बाचं खनिज जहाजांनी इथं यायचं आणि इथल्या भट्ट्यांत वितळायचं. त्या भट्ट्यांची मळी शतकानुशतकं किनाऱ्यावर इतकी साचली की तिच्याखाली जुन्या थडग्यांची अख्खी वस्ती गाडली गेली. मळीत उरलेल्या लोखंडासाठी 20 व्या शतकात ते ढीग उपसले गेले, तेव्हा कुठे ती थडगी उजेडात आली.

या शहराच्या नाण्यांवर गॉर्गनचा, म्हणजे ग्रीक पुराणकथांतल्या भयंकर राक्षसीचा, मुखवटा आहे: रुंद चेहरा, बाहेर काढलेली जीभ. पाठ बहुतेकदा कोरी. ही छाप ग्रीकांकडून आलेली, पण मुखवट्याखाली जे आहे ते ग्रीक नाण्यांवर सहसा सापडत नाही. तिथं चक्क किंमत लिहिलेली आहे! सुमारे 8 ग्रॅमच्या नाण्यावर XX म्हणजे 20, त्याच्या निम्म्या वजनाच्या नाण्यावर X म्हणजे 10. पाचाची खूण Λ अशी, म्हणजे रोमन V उलटा धरल्यासारखी. अडीचसाठीही वेगळी खूण होती, आणि पुढे सिंहमुखाच्या सोन्याच्या नाण्यांवर 25 आणि 50 चे आकडे आले. ग्रीक व्यापारी नाणं छापेवरून आणि वजनावरून ओळखायचा. पोपुलोनियात नाणं स्वतःच आपली किंमत सांगत होतं. तोलून व्यवहार करणाऱ्यांनी नाणं स्वीकारलं ते हिशेबासकट, आणि मला या नाण्यांचं खरं मोल तिथंच दिसतं.

इ.स.पू. 211 च्या सुमारास रोमनं चांदीचा डिनारियस काढला. त्यावर शिरस्त्राण घातलेल्या देवीच्या डोक्यामागे X कोरलेला आहे : ब्राँझची 10 नाणी.