कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ (सोलापूर)

नोकरीच्या वा मजुरीच्या ठिकाणी स्त्रीच्या इच्छेविरुद्ध केलेला स्पर्श, लगट, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरेबाजी, नको ती चित्रे दाखवणे किंवा या प्रकारची कोणतीही वागणूक. सोलापुरात बायका ‘त्रास देतो’, ‘अंगचटीला येतो’ एवढेच बोलतात आणि ऐकणारीला सगळे कळते. ‘छेडछाड’ हा शब्द मात्र टाळावा. त्यात थट्टेची छटा आहे आणि जिच्यावर गुदरते तिला ती थट्टा कधीच वाटत नाही.

राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी शासनाच्या ‘साथिन’ म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या म्हणून काम करत. बालविवाह रोखण्याच्या कामामुळे रोष ओढवून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘विशाखा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांचा कायदा व्हायला २०१३ साल उजाडले. कायद्याचा पाया एका गावातल्या कामकरी बाईने घातला, हे कचेऱ्यांतल्या फलकांवरून कळत नाही.

सोलापुरात हा विषय यंत्रमाग आणि साखर कारखान्यांइतकाच विडीचा आहे. शहराच्या पूर्व भागात, कुंभारीच्या वसाहतीत हजारो बायका, त्यांतल्या कितीतरी तेलुगू बोलणाऱ्या, मांडीवर सूप घेऊन घरीच विड्या वळतात. पाने आणि तंबाखू कारखान्यातून मिळते, मजुरी हजार विड्यांवर ठरते. तयार माल तपासून घ्यायला कारखान्यात जावे लागते. समोरचा माणूस कट्टा, म्हणजे विड्यांची जुडी, उचलतो, दाबून पाहतो आणि किती विड्या खराब म्हणून बाजूला टाकायच्या ते ठरवतो. दिवसभराची मजुरी त्या एका हातावर. पाने कमी द्यायची की बरी द्यायची, हेही बहुधा अशाच कोणाच्या हातात. अडवणूक आणि लगट यांच्यातले अंतर इथे फार थोडे उरते. आणि बाई गप्प राहिली तर ती भित्री म्हणून नव्हे, संध्याकाळची चूल त्या कट्ट्यांवर पेटते म्हणून.

कायद्याने या बाईला वगळलेले नाही. रोजंदारीवरची, ठेकेदारामार्फत लावलेली, मालकाला जिची माहितीही नाही अशी कामगारही त्यात ‘कर्मचारी’ आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे; अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या सदस्य स्त्रिया, आणि बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती. समिती न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होतो. कामगार दहाहून कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. घरकामाला जाणाऱ्या बायकांसाठीही हाच दरवाजा, कारण दुसऱ्याचे घर हे त्यांचे कामाचे ठिकाणच आहे. तक्रारी स्वीकारून स्थानिक समितीकडे पोचवायला प्रत्येक तालुक्यात एक अधिकारी नेमायचा असतो, म्हणजे करमाळ्याच्या वा सांगोल्याच्या बाईला सोलापूर गाठायची सक्ती नाही.

तक्रार तीन महिन्यांत करायची. कारण पटले तर समिती आणखी तीन महिने देते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. तडजोड तक्रारदार स्त्रीने मागितली तरच, आणि तीही पैशाच्या बोलीवर नाही. चौकशी चालू असताना तिला बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते. ही तरतूद पगारदार बाईला नजरेसमोर ठेवून केली आहे. हजार विड्यांमागच्या मजुरीवर जगणारीला रजेचा उपयोग तो काय?

रस्त्यावर, बसमध्ये, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत होणारा छळ या समित्यांच्या कक्षेत येत नाही. तिथे पोलीस. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमे लागतात: लैंगिक छळाला ७५, पाठलागाला ७८, अश्लील शब्द वा हावभावाला ७९. ११२ (आपत्कालीन मदत) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन) वर फोन करता येतो.

तक्रार लेखी लागते. पण लिहिता न येणारीला ती लिहून देणे हे समितीचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. तिने घडले ते तेलुगूत सांगितले तरी ते कागदावर उतरवून घेणे समितीलाच भाग आहे.