ग्लासातलं हॉस्पिटल

पीटेड, म्हणजे धुरकट वासाच्या, व्हिस्कीचा आयुष्यातला पहिला ग्लास मी नाकाजवळ नेला आणि लगेच खाली ठेवला. समोर मित्र बसलेला, त्याने ती बाटली कितीतरी दिवस जपून ठेवली होती, स्कॉटलंडच्या आयला बेटावरची (उच्चार खरंच तसाच आहे, मी काही वाईट बोलत नाहीये), आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता की आता हा काय म्हणतोय. मी काहीच म्हणालो नाही कारण मी तिथे नव्हतोच. मी आठ वर्षांचा होतो, एका लांबलचक पॅसेजमधल्या बाकड्यावर बसलो होतो, आत बाबांचं ऑपरेशन चाललं होतं आणि एक मावशी फरशी पुसत पुसत माझ्यापर्यंत येऊन म्हणत होत्या, पाय वर घे बाळा.

"अरे काय झालं?"

"हॉस्पिटलचा वास येतोय याला."

तो खो खो हसला. "शेकोटी आहे रे ती! मस्त शेकोटीचा वास आहे, नीट घे जरा."

दोघांचंही बरोबर होतं, हे मला बऱ्याच नंतर समजलं.

व्हिस्कीची सुरुवात बार्लीपासून होते. बार्ली भिजवायची, मोड आणायचे, की दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि तेच पुढे स्टार्चची साखर करतात. पण मोड फार वाढू द्यायचे नाहीत, नाहीतर आपल्याला हवी ती साखर रोपटंच खाऊन बसेल, म्हणून दाणे वेळेत वाळवायचे. आता वाळवायचे कशावर, तिथेच सगळी मेख आहे. आयलावर झाडं कमी, दलदल भरपूर, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तिथलं इंधन म्हणजे पीट. पीट म्हणजे शेवाळ, गवत, झुडपं असं सगळं पाण्याखाली हवेविना अर्धवट कुजून दाबलं गेलेलं, वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर साठतं, म्हणजे हातभर खोल खणलं की तुम्ही काही शतकं मागे गेलात. ते जाळलं की धुरात फिनॉल, क्रेसॉल, ग्वायाकॉल वगैरे मंडळी निघतात, बार्लीच्या ओलसर सालीला चिकटतात, आणि पुढचं फर्मेंटेशन, डिस्टिलेशन, पिंपातली वर्षं एवढं सगळं पार करून ग्लासात हजर होतात. माल्टमधलं, म्हणजे त्या मोड आणून वाळवलेल्या बार्लीतलं, हे फिनॉल पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) मोजतात, आयलाच्या नावाजलेल्या धुरकट व्हिस्क्यांसाठी हा आकडा साधारण 35 ते 55 च्या घरात असतो. बाटलीत येईपर्यंत त्यातलं बरंचसं गळतं, तरी उरतं ते नाकाला पुरून उरतं, कारण आपलं नाक या रेणूंच्या बाबतीत फार तिखट आहे.

आता हॉस्पिटलकडे येऊ. 1865 च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत 11 वर्षांचा एक मुलगा आला, गाडीचं चाक पायावरून जाऊन हाड मोडून बाहेर आलेलं. त्या काळात अशा जखमेत हमखास पू व्हायचा आणि पाय तरी कापावा लागायचा नाहीतर पेशंट तरी जायचा. जोसेफ लिस्टर नावाच्या सर्जनने ती जखम कार्बोलिक ॲसिडने धुतली, त्यातच भिजवलेल्या पट्ट्या बांधल्या, आणि मुलगा काही आठवड्यांनी स्वतःच्या पायावर चालत घरी गेला. कार्बोलिक ॲसिड म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, फिनॉलच! पुढे कितीतरी वर्षं हॉस्पिटलला जो वास यायचा तो या खानदानाचा, फरशी पुसायचं काळं फिनाईलही त्यातलंच. आणि लिस्टर ते मिळवायचा दगडी कोळशाच्या डांबरातून, आणि दगडी कोळसा काय, तर पीटच जमिनीखाली कोट्यवधी वर्षं दाबलं गेलं की त्याचा कोळसा होतो. म्हणजे माझ्या डोक्यातली ओली फरशी आणि मित्राची शेकोटी ही एकाच घराण्यातली भावंडं निघाली, आणि तीही दोन्ही स्कॉटलंडशी नातं सांगणारी. हे कळलं तेव्हा मी त्याला रात्री साडेअकराला फोन केला होता, त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला झोप आता.

पण रेणू एकच असेल तर मला पॅसेज का आठवावा आणि त्याला शेकोटी का? याचं उत्तर बाटलीत नाही.

आधी एक प्रयोग करून बघा, व्हिस्कीच पाहिजे असं नाही, काहीही चालेल. नाक चिमटीत घट्ट धरा, एक घोट घ्या, तोंडात फिरवा. थोडं गोड, थोडं कडू, आणि जळजळ, बास, एवढंच लागेल. आता गिळून नाक सोडा. एकदम सगळं येतं, धूर, व्हॅनिला, फळं, लाकूड, जे काय असेल ते. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (रश्शासारखी ती भरीव चव) एवढंच कळतं, बाकी ज्याला आपण चव चव म्हणतो तो बहुतेक सगळा वास असतो, फक्त घशामागून नाकात चढलेला. (ती जळजळसुद्धा चव नाही. उष्णता ओळखणारा टीआरपीव्ही1 नावाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा संदेश टिपणारा, असतो, तो एरवी 42 अंशांच्या आसपास पेटतो, अल्कोहोल त्याची मर्यादा 34 पर्यंत खाली आणतं, म्हणजे तुमचं स्वतःचंच तोंड तुम्हाला गरम लागायला लागतं.)

माणसाकडे वासाचे साधारण 400 प्रकारचे रिसेप्टर आहेत. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये शोधली आणि 2004 मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. एक रेणू एकाच रिसेप्टरला भेटतो असं नसतं, तो अनेकांना कमीजास्त छेडतो, पेटीवर एकदम चार-पाच पट्ट्या दाबाव्यात तसं, आणि मेंदू तो सूर ओळखतो. व्हिस्कीत असे शेकडो रेणू असतात. पण खरी भानगड पुढे आहे. डोळ्याने पाहिलेलं, कानाने ऐकलेलं आधी थॅलॅमस नावाच्या स्टेशनवर जातं आणि तिथून मेंदूत पुढे. वासाला हा थांबा घ्यावा लागत नाही, नाकाच्या वरच असलेल्या ऑलफॅक्टरी बल्बमधून तो जवळजवळ थेट अमिग्डालाशी जाऊन भिडतो, म्हणजे भीती-प्रेम-राग जिथे घडतात तिथे, आणि आठवणी नोंदवणारा हिप्पोकॅम्पसही तिथून हाकेच्या अंतरावर. म्हणून आधी पोटात कालवतं आणि मग कळतं की हा कसला वास आहे. माझंही तसंच झालं, आधी भीती वाटली, मग पॅसेज दिसला, आणि हॉस्पिटल हा शब्द सगळ्यात शेवटी आला.

त्यात पुन्हा वासाचा पहिला संबंध फार चिवट असतो. इस्राएलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या लोकांनी 2009 मध्ये दाखवलं की एखाद्या वासाची एखाद्या गोष्टीशी पहिल्यांदा पडलेली गाठ मेंदू वेगळीच जपून ठेवतो, वास चांगला असो की वाईट, आणि हे आवाजाच्या बाबतीत दिसलं नाही. शब्दांवरून माणसांना आठवणी विचारल्या तर जास्त करून दहा वर्षांपुढच्या, तरुणपणाच्या निघतात, वासावरून विचारल्या तर दहाच्या आतल्या. मी आठ वर्षांचा होतो, बरोबर सापडलो.

आता तुम्ही म्हणाल मग पीटेड नसलेली व्हिस्की घ्यायची की, तिची काय आठवण असणार. तर तिथे लाकूड उभं असतं. तांब्याच्या भांड्यातून निघालेलं ताजं स्पिरिट पाण्यासारखं पारदर्शक असतं, स्कॉटलंडच्या कायद्याप्रमाणे किमान 3 वर्षं ओकच्या पिंपात काढल्याशिवाय त्याला व्हिस्की म्हणता येत नाही. पिंप आतून भाजलेलं किंवा जाळलेलं असतं, त्या उष्णतेने लाकडातलं लिग्निन तुटून व्हॅनिलिन बनतं, हो तेच, आइस्क्रीममधलं, दुसऱ्या एका घटकातून कॅरॅमलसारखे वास येतात, युजेनॉल लवंगेचा वास देतं, आणि ओक लॅक्टोन नावाचे रेणू नारळाचा. केळ्याचा वास आला तर तो यीस्टने फर्मेंटेशनमध्येच करून ठेवलेला असतो. म्हणजे बघा, आइस्क्रीम, लवंग, नारळ, केळं. जगातल्या कुठल्या पोराच्या लहानपणी यातलं काहीच नसेल? टेस्टिंगवाले लोक "आजीच्या कपाटाचा वास" असलं काहीतरी लिहितात ते वाचून मी पूर्वी फार हसायचो, आता तेवढं हसत नाही.

पाणी घालावं की नाही यावर लोक भांडतात, तर मी घालतो, चार थेंब. उजेडासमोर ग्लास धरून थेंब टाका, आत तेलकट रेघा वळवळताना दिसतात, दोन द्रव एकमेकांत मिसळतानाची ती गंमत, आणि नाकाला लगेच फरक कळतो. स्वीडनमधल्या लिनियस युनिव्हर्सिटीच्या दोन संशोधकांनी 2017 मध्ये कॉम्प्युटरवर याचं मॉडेल करून पाहिलं. अल्कोहोल 59 टक्क्यांच्या वर असेल तर ग्वायाकॉल, मघाचा तो धुरातला रेणू, अल्कोहोलच्या रेणूंनी घेरलेलं आत दडून राहतं, 45 पर्यंत खाली आणलं की ते पृष्ठभागावर येतं, म्हणजे तुमच्या नाकाच्या जवळ. माझ्या बाबतीत पाण्याचे चार थेंब म्हणजे पॅसेजचं दार थोडं जास्त उघडणं.

आणि खोलीसुद्धा चव बदलते बरं का. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांनी 2013 मध्ये लंडनला चारशेच्या वर लोकांना एकच व्हिस्की तीन खोल्यांत प्यायला दिली, एक हिरवळीची, एक लालसर गोलगोल सजावटीची, एक लाकडी. हिरवळीत लोकांना ती जास्त गवतासारखी वाटली, लाल खोलीत गोड, लाकडी खोलीत लाकडाची चव जाणवली आणि तिथेच ती सगळ्यात आवडली. ग्लास तोच, हातात धरलेला, लोकांना माहीतसुद्धा होतं की तीच आहे.

एवढं सगळं सांगितलं की लोकांना वाटतं व्हिस्की आणि आठवण यांचं छान जमतं. ते अर्धंच खरं. वासाला नाकापर्यंत उचलून आणणारं अल्कोहोलच नवी आठवण नोंदवायचं काम बिघडवतं, हिप्पोकॅम्पसमध्ये ग्लुटामेटचे (मेंदूच्या पेशींमधला एक निरोप्या) काही रिसेप्टर ते दाबून धरतं, आणि रक्तातलं प्रमाण पटकन वाढलं की नोंदणीच बंद पडते. ब्लॅकआउट म्हणतात तो हाच, माणूस बोलत असतो, चालत असतो, पण आत कोणी लिहून घेत नसतं. म्हणून नीट आठवून बघा, तुमच्या व्हिस्कीच्या सगळ्या सुंदर आठवणी पहिल्या पेगच्या असतात, चौथ्याच्या आठवणी दुसऱ्या कोणीतरी सांगितलेल्या असतात. 1969 मध्ये डोनाल्ड गुडविन यांच्या टीमने असंही दाखवलं होतं की पिऊन शिकलेलं काही काही पुन्हा प्यायल्यावरच जास्त बरं आठवतं, जुने मित्र बसले की तेच तेच किस्से का निघतात याचं मला तरी हे पटण्यासारखं कारण वाटतं. आणि अल्कोहोलने कॅन्सर होतो हे 1988 पासून अधिकृत यादीत आहे, जागतिक आरोग्य संघटना म्हणते की अमुक एवढी चालते असा सुरक्षित आकडाच नाही, तेव्हा हे वाचून कोणी सुरुवात करू नये, वास घ्यायला मात्र काही हरकत नाही, मी आता बराच वेळ तेवढंच करतो.

मित्राची ती बाटली आम्ही पुढे दोन-अडीच वर्षं पुरवली. पॅसेज गेला नाही. फक्त आता मावशींच्या मागे कुठेतरी तो मित्र पण हसताना ऐकू येतो.

बाबा त्या ऑपरेशनमधून व्यवस्थित बाहेर आले हे सांगायचं राहिलं. ते घ्यायचे ती अगदी साधी, धूर वगैरे काही नसलेली, पाहुणे आले की एखादा ग्लास, आणि सकाळी ते ग्लास उचलून सिंकमध्ये ठेवायचं काम माझं. ठेवण्याआधी मी नाक घालायचोच. रिकामा, कोरडा ग्लास, तरी आत ओल्या लाकडाचा आणि गोडसर असा वास, दारूचा अजिबात नाही. त्याचंही कारण आता माहीत आहे, अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, ते रात्रीतच उडून जातं, व्हॅनिलिनचा उत्कलनबिंदू 285, ते मागे राहतं, काचेला चिकटून. परवा मी मुद्दाम रात्री एक ग्लास न धुता ठेवला आणि सकाळी उठून आधी तोच घेतला. बायकोने विचारलं काय करतोयस, तर म्हटलं काही नाही, ग्लास उचलतोय.