दापोलीचं ए. जी. हायस्कूल आणि त्याच्या मागचा काळ

दापोलीत कुणालाही विचारा, शाळेचं नाव 'ए. जी.' एवढंच सांगतील. पूर्ण नाव आल्फ्रेड गॅडने हायस्कूल. नाव एका इंग्रज मिशनऱ्याचं, चालवते दापोली एज्युकेशन सोसायटी, आणि दापोलीकर त्याबद्दल बोलतात ते घरातल्या वडीलधाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं. हे तिन्ही एकत्र कसं आलं हे कळायला दापोली हे गाव आधी कळावं लागतं.

हा मुळात लष्करी तळ. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फुटांवरची ही थंड, मोकळी जागा छावणीसाठी निवडली. 'कॅम्प दापोली' हे नाव जुनी माणसं अजून वापरतात. पलटणी पुढे हलल्या, पण पेन्शनर शिपाई, सुभेदार, जमादार इथेच स्थायिक झाले. त्यांच्या पाठोपाठ कचेरी, कोर्ट, वकील आणि कारकून. शेतीवर भागत नाही आणि नोकरीला इंग्रजी लागतं, हे या वस्तीला आसपासच्या खेड्यांच्या बरंच आधी कळलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एस. पी. जी. या अँग्लिकन मिशनने इथे इंग्रजी शाळा चालवली. रेव्हरंड गॅडने याच मिशनचे. लोक तिला साधं 'मिशन हायस्कूल' म्हणत.

त्या वेळी कोकणात पुढचं शिक्षण म्हणजे काय दिव्य होतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण महर्षी कर्व्यांचं. जन्म १८५८ चा, बालपण दापोलीजवळच्या मुरुडला. १८७५ मध्ये मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती. ती पास झाली तरच मास्तरकीचा रस्ता मोकळा. मुंबईला समुद्रमार्गे जायचं, तर पावसाळी हवेमुळे गलबत मिळेना. मग सोबत्यांबरोबर हा मुलगा कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेला. परीक्षेला बसायला सतरा वर्षं पूर्ण लागत. त्याची झाली होती, दाखलाही जवळ होता. पण अंगानं किरकोळ, म्हणून परीक्षकांनी 'तू सतराचा दिसत नाहीस' असं म्हणून परत पाठवलं. पुढच्या वर्षी तो कोल्हापूरला जाऊन पास झाला. समुद्र बंद आणि घाट उभा, या दोहोंच्या मधे अडकलेल्या मुलांसाठी तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळा असणं केवढी गोष्ट होती, ते यावरून समजावं.

मिशन शाळांबद्दल लोकांच्या मनात धाकधूक कायम होती. बायबलचा तास असे, आणि 'पोरगं बाटलं तर?' हा प्रश्न घरोघरी असे. तरी मुलं जातच राहिली, कारण शाळा शिकवायला चांगली आणि दुसरी जवळपास नाही. कोकणी माणूस धर्माला जपतो, पण व्यवहार सोडत नाही. भारतरत्न पांडुरंग वामन काणे याच शाळेचे. जन्म चिपळूणजवळ परशुरामच्या पायथ्याशी पेढ्याला, वडील दापोलीत वकील. १८९७ मध्ये ते इथून मॅट्रिक झाले. पुढे काही काळ रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षकही होते. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या माणसाचं शालेय शिक्षण ख्रिस्ती मिशनच्या शाळेत झालं, याची गंमत वाटते खरी. त्या काळच्या दापोलीत मात्र त्यात वेगळं काही नव्हतं.

साने गुरुजींचंही तेच. पालगड ते दापोली ही वाट त्यांच्या पायांखालची. सुट्टी लागली की घराकडे, सुट्टी संपली की पाठीवर गाठोडं टाकून परत. परिस्थिती ओढगस्तीची. पुढे खर्च झेपेना म्हणून ते औंध संस्थानात शिकायला गेले. तिथे गरीब विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय होईल अशी आशा होती. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या खेड्यातल्या मुलाला फीपेक्षा जेवणाची काळजी जास्त असे. कुणाच्या घरी सोमवार, कुणाच्या घरी मंगळवार असे वार लावून जेवायचं, नाहीतर दोघातिघांत खोली घेऊन हातानं भात शिजवायचा. घरून आलेले पोहे आणि कुळथाचं पीठ महिनाभर पुरवायचं.

पण वार लावायलाही जात लागे. शाळांच्या शतकी स्मरणिकांत हे पान बहुधा नसतं, म्हणून इथे थोडं थांबतो. दापोलीत स्थायिक झालेल्या पेन्शनरांत महार पलटणीतले लोक बरेच होते. लष्करात त्यांनी लिहिणं-वाचणं शिकलेलं, शिस्त अंगात मुरलेली. १८९० नंतरच्या काळात गावच्या पालिकेच्या शाळेत त्यांच्या मुलांना वर्गाबाहेर, व्हरांड्यात बसवत. त्याविरुद्ध या पेन्शनरांनी सरकारकडे अर्ज केले, पाठपुरावा केला. गोपाळबाबा वलंगकर हे या चळवळीतलं मोठं नाव. तेही सेवानिवृत्तीनंतर दापोलीतच राहत होते. सुभेदार रामजी सकपाळ यांचं कुटुंबही निवृत्तीनंतर काही काळ कॅम्प दापोलीत होतं. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव पुढे ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या हायस्कुलात दाखल झाला. राज्यात तो दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. मिशनचं धोरण सर्वांना प्रवेश देण्याचं असलं, तरी सवर्ण पालक मुलं काढून घेतील ही धास्ती अशा शाळांनाही असे. कायद्याच्या बाजूनं दार किलकिलं झालं ते १९२३ मध्ये, सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाल्यावर. सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही त्यात होत्या. मात्र ठराव होणं वेगळं आणि बाकावर जागा मिळणं वेगळं. १९२४ पासून रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांना मुलांना शाळेत सरमिसळ बसवण्यासाठी त्यानंतरही मोहीम चालवावी लागली.

मिशनकडून शाळा स्थानिक सोसायटीकडे आली, पण गॅडनेंचं नाव पुसलं गेलं नाही. मला यात दापोलीकरांचा मोठेपणा दिसतो. बाकी कोकणातली बहुतेक जुनी हायस्कुलं मिशनची नव्हेत, गावकऱ्यांनी आणि मुंबईकरांनी मिळून उभी केलेली. १८८२ च्या हंटर कमिशननं माध्यमिक शिक्षण खासगी संस्थांवर सोपवावं आणि सरकारनं अनुदान द्यावं, अशी दिशा घालून दिली. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं होतंच. त्या नावाच्या शाळा पुढे कोकणात गावोगाव झाल्या. गिरणीत, गोदीत, पेढ्यांवर काम करणाऱ्या चाकरमान्यांनी परळ-लालबागच्या खोल्यांत बैठका घेऊन वर्गण्या काढल्या. म्हणून शाळा कोकणात आणि संस्थेचं ऑफिस मुंबईत, ही व्यवस्था आजही अनेक ठिकाणी आहे. जुन्या इमारतीत फिरताना खोल्यांच्या दारांवरच्या पाट्या वाचाव्यात. 'मातोश्रींच्या स्मरणार्थ', खाली देणगीदाराचं नाव, मुक्काम मुंबई, आणि आकडा कुठे पाचशे एक, कुठे हजार एक. तेवढ्यात तेव्हा चिऱ्याच्या भिंती उभ्या राहत आणि वर कौलं चढत.

शाळेचं वर्षही इथल्या हवेवर बेतलेलं. मे महिन्यात कौलं परतून घ्यायची, जूनमध्ये ओल्या छत्र्यांची रांग व्हरांड्यात. गणपतीची सुट्टी दिवाळीच्या सुट्टीपेक्षा महत्त्वाची. ती कमी केली तर पालकच शाळेत येऊन उभे राहतील. दसऱ्याला पाटीपूजन, थंडीत स्नेहसंमेलन, त्यासाठी मास्तरांनीच बसवलेलं नाटक. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा मात्र मे महिन्यात, कारण मुंबईकर तेव्हाच गावात असतात. देणग्याही तेव्हाच जाहीर होतात.

परीक्षांची नावं बदलत गेली. आधी मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक, स्वातंत्र्यानंतर एस.एस.सी., ती १९७५ पासून अकरावीऐवजी दहावीला. महाराष्ट्र राज्य स्थापन झालं त्या सुमारास वार्षिक बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फी माफी मिळाली. 'ई.बी.सी.चा फॉर्म' हा शब्द त्या पिढीच्या तोंडी अजून आहे. कोकणात तर जवळजवळ सगळा वर्गच त्यात बसे. खेड्यातल्या मुलींची संख्या खऱ्या अर्थानं वाढली ती एस.टी. वाडीपर्यंत पोचल्यावर आणि पुढे मुलींना पास मोफत झाल्यावर.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं वेगळं कोकण विभागीय मंडळ २०१२ च्या परीक्षेपासून सुरू झालं, आणि दहावीच्या निकालात ते तेव्हापासून राज्यात पहिलं येत आलं आहे. दरवर्षी जूनच्या आसपास त्याचे पेढे वाटले जातात. त्याच वेळी शिक्षकांच्या खोलीत चर्चा असते ती पटाची. वाड्या रिकाम्या होताहेत, मुलं मुंबई-पुण्याला किंवा तालुक्याच्या इंग्रजी माध्यमात जाताहेत, आणि शिक्षकांची पदं मुलांच्या संख्येवर ठरतात. दापोलीसारख्या मोठ्या गावातल्या हायस्कुलाला त्याची झळ कमी. खाडीपलीकडच्या, एकेका वर्गात दहा-बारा मुलं उरलेल्या शाळांचे मुख्याध्यापक मात्र एप्रिलपासूनच चौथी-सातवीच्या मुलांच्या घरी फेऱ्या मारू लागतात.