तांबडा चिखल आणि काळा चिखल

बेळगाव जिल्ह्यात, खानापूरच्या पश्चिमेला जांबोटीकडच्या तांबड्या कच्च्या वाटेवरून भर पावसाळ्यात साधी हॅचबॅक नेऊन आणली, म्हणून माझी छाती फुगली होती. पुढच्याच आठवड्यात बेळगावजवळच्या येळूरच्या काळ्या शिवारात, पाऊस थांबून दोन दिवस झाल्यावर, तीच गाडी पाणंदीत घातली आणि पन्नास पावलांत रुतली. बांधावरचे मामा म्हणाले, "वरनं वाळलंय तेवढंच. आत सगळं ओलं हाय की ओ."

खानापूरच्या पश्चिमेची तांबडी माती जांभ्याची. ती पाण्यानं फारशी फुगत नाही, निचराही लवकर होतो. वर निसरडा थर, पण खाली बहुतेकदा घट्ट मुरूम नाहीतर दगड. म्हणजे इथं गाडी रुतण्यापेक्षा घसरते. उतारावर पहिला गिअर, ब्रेकवर हलका पाय, स्टेअरिंगला झटका नाही. ऊन पडल्यावर सुटा मुरूम गोट्यांसारखा चाकाखालून पळतो, ते वेगळंच. आणि गाडीच्या पोटाखाली जेमतेम १७० मिलिमीटर जागा असते, त्यामुळे ट्रॅक्टरच्या खोल चाकोरीत चाकं घालू नयेत. एक चाक मधल्या उंचवट्यावर, दुसरं कडेला. नाहीतर जांभ्याचा दगड ऑइल चेंबर फोडतो.

काळी माती मुळातच वेगळी. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. ओली असताना टायरच्या नक्षीत भरून बसते. टायर गुळगुळीत होतो, मग मडगार्डही भरतं. मी अॅक्सिलरेटर दाबत राहिलो आणि चाकानं स्वतःचाच खड्डा खणला. खरं तर पहिल्यांदा चाक जागेवर फिरलं तेव्हाच थांबायचं असतं. चाकापुढची माती उकरायची, पाचट किंवा गोणपाट घालायचं, पुढच्या चाकांतली हवा ३२ पीएसआयवरून २२ पर्यंत उतरवायची आणि आल्या वाटेनं रिव्हर्समध्ये हळू निघायचं. डांबरी रस्ता लागला की हवा आधी भरायची. ट्रॅक्टरनं ओढायचं असेल तर दोर टोइंग हुकलाच, बंपरला नव्हे. आणि ओढताना दोराजवळ कुणी उभं राहायचं नाही.

गाडी घालण्याआधी उतरून टाच रोवून बघावी. तांबड्यात टाच घसरली पण खाली टणक लागलं, तर हळू जाता येतं. काळ्यात टाच आत गेली आणि चपलेला गोळा चिकटून आला, तर गाडी तिथंच ठेवून चालत जावं.

वाटेबाहेर मात्र दोन्हीकडे जायचं नाही. तिकडं भीमगड अभयारण्य आहे, २०११ पासूनचं. इकडं कुणाचं तरी भात उभं असतं.

मामांनी ट्रॅक्टर आणून मला ओढलं, पैसे घेतले नाहीत. पंधरा दिवसांच्या उघडिपीनंतर चाकोऱ्या बुजवायला फावडं घेऊन गेलो, तर त्या सिमेंटसारख्या वाळल्या होत्या.